बॉर्डर टाकून द्या भो

खानदेशात नुसता फोटो कुणी कुणाला पाठवत नाही. नुसता म्हणजे ज्यात फक्त माणूस आहे असा. माणूस आणि त्याच्यामागे चुना दिलेली भिंत, एवढ्यावर आधार कार्डाचं भागतं. बाकी कशासाठीही फोटो काढला की तो अर्धा झाला असं धरायचं. उरलेला अर्धा करायला धुळ्याला नाहीतर जळगावला दुकानात जायचं, मोबाइल पुढे करायचा आणि म्हणायचं, "जरा बॉर्डर टाकून द्या भो."

या बॉर्डरीला नाकं मुरडणारी मंडळी पुण्या-मुंबईकडे बरीच आहेत. त्यांना फोटोभोवती मोकळी पांढरी जागा दिसली की प्रसन्न वाटतं. आमच्याकडे मोकळी जागा दिसली की "इथं काय राहून गेलं?" असं विचारतात. त्यात चुकीचं काही नाही. फ्लेक्सचा दर चौरस फुटावर असतो. पैसे बारा फुटांचे मोजायचे आणि त्यातले चार फूट रिकामे टांगायचे, हा हिशेब केळी आणि कापूस विकून घर चालवणाऱ्या माणसाला कोण पटवणार? मोजलेल्या प्रत्येक फुटावर काहीतरी उगवलंच पाहिजे, मग ते जास्वंदीचं फूल का असेना.

पण बॉर्डर निव्वळ जागा भरायला नसते. ती कामाची असते. धुळ्याच्या आग्रा रोडवर गर्दीतून मोटारसायकल काढताना बॅनरवरचा चेहरा ओळखायला कुणाला सवड आहे? बॉर्डर मात्र लांबूनच बातमी देते. फुगे, सोनेरी चांदण्या आणि कोपऱ्यात केक दिसला की हॉर्न वाजवून पुढे जायचं. पांढरी कमळं, दोन समया आणि वरून ढगांतून उतरणारे किरण दिसले की अ‍ॅक्सिलरेटरवरचा हात आपोआप सैल होतो आणि नजर गंधमुक्तीची तारीख शोधू लागते. चेहरा दोन्हीकडे तोच असू शकतो. नव्हे, बहुतेकदा तोच असतो. कारण गावाकडच्या साठी ओलांडलेल्या कुठल्याही आप्पांचा धड म्हणावा असा फोटो एकच असतो, पुतण्याच्या लग्नात फेटा बांधून काढलेला. तोच ग्रामपंचायतीच्या निवडणुकीला उभा राहतो. तोच एकसष्टीला केकशेजारी बसतो. नातवाच्या जावळाला आशीर्वाद द्यायलाही तोच येतो आणि शेवटी तोच समयांच्या मधोमध जातो. तेवढ्यापुरता ऑपरेटर त्याला ब्लॅक अँड व्हाइट करतो, कारण समयांच्या मध्ये गुलाबी फेटा बरा दिसत नाही. आप्पांनी जन्मात एकदाच नीट फोटो काढला. पुढचं सगळं चरित्र बॉर्डरीने लिहिलं.

यात धोकाही आहे. घाईच्या दिवशी ऑपरेटर वाढदिवसाचीच फाइल उघडतो, फुगे पुसतो, समया आणतो, ‘हार्दिक’ खोडून ‘भावपूर्ण’ करतो आणि छापायला सोडतो. दुसऱ्या दिवशी चौकात लोकांना दिसतं की डाव्या कोपऱ्यात दोन फुगे राहिले आहेत. ही हकिगत मी अनेकांकडून ऐकली आहे आणि दर वेळी गाव वेगळं असतं, म्हणजे ती एकाहून जास्त ठिकाणी घडली असणार.

आता हे काम चालतं कसं ते पाहा. जळगावच्या गोलाणी मार्केटच्या पोटात मोबाइल, कव्हर आणि चार्जर विकणाऱ्या गाळ्यांच्या अधेमधे अशी दुकानं सापडतात. खुर्ची एक, तिच्यावर विशी-बाविशीचा पोरगा, आणि त्याच्या मानेमागे उभी राहून स्क्रीनमध्ये डोकावणारी पाच माणसं. या पाचांत ज्याचा फोटो आहे तो सहसा नसतो. तो गावी आहे. त्याला सरप्राइज द्यायचं आहे. पाचांतला प्रत्येक जण स्क्रीनवर बोट टेकवतो, त्यामुळे मॉनिटरवर कायमचे डाग पडलेले असतात. पोरगा ते डाग फोटोतले समजून पुसू लागला, असंही होतं.

फोटोशॉप 1990 साली बाजारात आलं. टॉमस आणि जॉन नोल या अमेरिकेतल्या सख्ख्या भावांची ती करामत. सॉफ्टवेअरपेक्षा, दोन सख्ख्या भावांनी मिळून काही केलं आणि ते टिकलं, याचंच आमच्याकडे कौतुक जास्त होईल. पण फ्लेक्सच्या दुनियेत निम्मं राज्य कोरलचं. कोरलड्रॉमध्ये अक्षरं आणि बॉर्डर, फोटोशॉपमध्ये चेहरा गोरा करणं, अशी वाटणी असते. चेहरा किती गोरा करायचा हे पोरगा विचारत नाही. मागे उभे असलेले पाच जण "बस" म्हणेपर्यंत तो करत राहतो, आणि ते काही केल्या "बस" म्हणत नाहीत.

फोटोला बॉर्डर टाकण्याचे मार्ग दोन. पहिला रीतसर. कॅनव्हास साइज उघडून आधी फोटोच्या चारी बाजूंना कोरी जागा वाढवायची आणि मग त्या जागेत काय ती नक्षी करायची. यात फोटोला धक्का लागत नाही. दुसरा मार्ग स्ट्रोकचा. तिथे फोटोशॉप विचारतं, रेघ बाहेरून हवी, आतून हवी की मधोमध? बाहेरून म्हटलं तर ती दिसतच नाही, कारण फोटोच्या कडेला कागद संपलेला असतो. मग पोरगा ‘आतून’ दाबतो. झक्क सोनेरी रेघ उमटते. पाचही जण खूश होतात. फक्त ती रेघ फोटोच्याच अंगावर बसलेली असते आणि तिच्याखाली कडेला उभे असलेले मामा अर्धे गेलेले असतात.

मामांचं हे दुखणं जुनं आहे. चांगल्या कॅमेऱ्याचा फोटो 3 ला 2 या मापाचा निघतो, म्हणजे 8 बाय 12 इंचांत तो पुरा बसतो. पण घरात माळ्यावर रिकामी फ्रेम पडलेली असते ती 8 बाय 10 ची. मग दोन्ही बाजूंचा एकेक इंच कापावा लागतो. बारा इंचांच्या ग्रुप फोटोत एक इंच म्हणजे बरोबर एक मामा. दुसरीकडून फुई, म्हणजे आत्या जाते. उरलेल्या दहा इंचांत पुन्हा आतून बॉर्डर टाकली की मामींची पाळी. खानदेशातल्या सोयरिकींमध्ये रुसवे कशावरून होतात याचा कुणी अभ्यास केलाच, तर मानपानाच्या आणि भाजीतल्या तेलाच्या खालोखाल हे कारण निघेल असा माझा अंदाज आहे. "आम्ही काय फोटोत नव्हतो का?" या प्रश्नाला ‘अ‍ॅस्पेक्ट रेशो’ असं उत्तर देऊन कुणाचं समाधान झाल्याचं ऐकिवात नाही.

नक्षी येते कुठून, हीही मजाच आहे. कमळ, मोर, केळीचे खांब, कलश, तुतारी वाजवणारा माणूस, उडणारी कबुतरं, हे सगळं इंटरनेटवर फुकट मिळतं, पीएनजी नावाने. पीएनजीची खुबी अशी की चित्रामागची जागा पारदर्शक राहते, त्यामुळे मोर कुठेही नेऊन बसवता येतो. पारदर्शक जागा ओळखू यावी म्हणून स्क्रीनवर तिथे करड्या-पांढऱ्या चौकड्या दिसतात. आता काही महाभागांनी त्या चौकड्यांसकट चित्राचा जेपीजी करून इंटरनेटवर सोडला आहे. दिसायला पीएनजी, पण मोराबरोबर चौकड्याही येतात. अनुभवी पोरगा त्या पुसत बसतो. नवशिक्या तसाच छापतो. साखरपुड्याच्या एका बॅनरवर मी नवरा-नवरीच्या डोक्यावर असा चौकड्यांसकट अवतरलेला गणपती पाहिला. त्याखाली उभे राहून दोन पाहुणे चर्चा करत होते की चौकडी भारी आहे, आपल्याही बॅनरला अशीच टाकून घेऊ.

तयार टेम्प्लेटचं शास्त्र याहून अवघड. पूर्वी त्यांच्या डीव्हीडी विकत मिळत. आता ती यूट्यूबवरच्या लिंकवरून उतरवून घ्यायची, पण झिप फाइलला पासवर्ड असतो आणि तो व्हिडिओत मध्येच कुठेतरी दोन सेकंद दाखवलेला असतो. म्हणजे दशक्रियेचं बॅनर तासाभरात हवं म्हणून घरचे ताटकळत उभे असतात आणि ऑपरेटर पासवर्डच्या शोधात "मित्रांनो, चॅनलला सबस्क्राइब करा" पहिल्यापासून ऐकत बसलेला असतो. शोकाकुल माणसंही मग नाइलाजाने ऐकतात.

या सगळ्यात ज्याचा फोटो त्याचं मत शेवटी विचारतात. एकदा एक म्हातारबा स्वतःच दुकानात आले होते. पोळ्याच्या शुभेच्छांचं बॅनर होतं. वर तोरण, खाली शिंगं रंगवलेली बैलजोडी, दोन्ही बाजूंना कणसं, आणि मध्ये गोल चौकटीत हे. चष्मा सावरून त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "भो, मना फोटो बॉर्डरखाले दबी गया ना!" पोरग्याने एका कणसाचे चार दाणे कमी केले. म्हातारबांचं समाधान झालं. बैलांना मात्र हात लावायला त्यांनी साफ नकार दिला. बैलांच्या अंगावर झूल होती, शिंगांना बेगड होता, कपाळाला बाशिंग होतं. खरं तर फोटोतले तेवढेच दोघे बॉर्डर न लावता शोभले असते.

पोळ्यासारखंच कानबाईचं. श्रावणात कानबाई बसली की जळगाव-धुळ्याचे मोबाइल नारळाला डोळे आणि नथ लावलेल्या देवीच्या फोटोंनी भरून जातात. तिथे बॉर्डरीची तक्रार करायची सोयच नाही, कारण खुद्द देवी तिच्या चौरंगावर वस्त्रं, दागिने, फुलं आणि केळीची पानं यांच्या भरगच्च मांडणीत बसलेली असते. ऑपरेटर फक्त तीच मांडणी फोटोच्या कडेला पुढे वाढवतो.

राजकारणाच्या बॅनरवर बॉर्डरीला घटनेचा दर्जा येतो. सगळ्यात वर नेत्यांचे गोल. त्यांना सोनेरी कडं. कुणाचा गोल कुणापेक्षा किती मिलिमीटरने मोठा, हे ठरवायला जिल्ह्याच्या ठिकाणी फोन होतात. मध्ये ज्याचा वाढदिवस तो, दोन्ही हात जोडून किंवा एक हात उंचावून. आणि तळाला शुभेच्छुकांची पट्टी. तिथल्या गोलांना साधं पांढरं कडं, आणि चेहरे इतके बारीक की ज्याचे त्यालाच ओळखू येतात. तरी त्या पट्टीत जागा मिळवायला वर्षभर सतरंज्या उचलाव्या लागतात. पट्टीतून वरच्या गोलात जाणं म्हणजे आमच्याकडे राजकीय कारकीर्द.

मध्यंतरी मी एका ऑपरेटरला सहज विचारलं की साहेबांनी पक्ष बदलला की सगळं बॅनर नव्याने करावं लागत असेल. तो हसला. म्हणाला, "नाही हो काका. फाइल तीच. फक्त बॉर्डरीचा रंग आणि वरचे गोल बदलायचे." मग जुन्या बॉर्डरीचं काय करता, पुसून टाकता? त्याने लेअरच्या यादीतल्या छोट्या डोळ्याच्या चिन्हावर क्लिक करून दाखवलं. डोळा मिटला की बॉर्डर दिसेनाशी होते, पण फाइलमध्ये जागेवरच असते. "पुसत नाही आपण. उद्या परत आले तर?"

महाराष्ट्रात मालमत्ता विद्रूपण प्रतिबंधाचा कायदा 1995 पासून आहे आणि बेकायदा फलकांवरून मुंबई उच्च न्यायालयाने अनेकदा कान उपटले आहेत. बॅनर त्यामुळे कधी कधी उतरतात. उतरले तरी वाया जात नाहीत. पावसाळ्याच्या तोंडावर गोठ्यावर, भुसाऱ्यावर, ट्रॅक्टरच्या इंजिनावर ते पुन्हा झळकतात. यावल-रावेरकडे मी एका गोठ्यात आमदारकीच्या इच्छुकाला छताला उलटा टांगलेला पाहिला आहे, सोनेरी बॉर्डरीसकट. खाली दोन म्हशी निवांत रवंथ करत होत्या. तेवढी खात्रीची सभा त्या इच्छुकाला पुढेही मिळाली नाही.

कुणी म्हणेल, बॉर्डरीचं हे खूळ संगणकाने आणलं. मला ते पटत नाही. जळगावपासून साठेक किलोमीटरवर अजिंठा आहे. महसुली नकाशात तो शेजारच्या जिल्ह्यात मोडतो, पण जळगावकर त्याला आपलाच मानतात. तिथल्या पहिल्या आणि दुसऱ्या लेण्यात मान वर करून छत पाहा. चौकोनात चौकोन, त्यांत कमळं, फळं, हंस, हत्ती, वेलबुट्ट्या. बोटभर जागा सोडलेली नाही. पंधराशे वर्षांपूर्वीच्या त्या कारागिरांना मिनिमलिझम शिकवायला कुणी गेलं नाही हे जगाचं नशीब. ही चित्रं उतरवून घ्यायला 1844 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने रॉबर्ट गिल नावाच्या लष्करी अधिकाऱ्याला नेमलं. त्याने वर्षानुवर्षं खपून केलेल्या नकलांतल्या बहुतेक सगळ्या 1866 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. बॅकअप नव्हता. गिलने पुढे कॅमेराही हाती घेतला आणि 1879 मध्ये इथेच देह ठेवला. त्याची कबर भुसावळला आहे. बॅकअप ठेवा असं प्रत्येक ऑपरेटर गिऱ्हाइकाला बजावतो, पण भुसावळच्या या थोर उदाहरणाचा दाखला कुणी देत नाही.

बॉर्डरीची हौस जुनी असल्याची आणखी एक साक्ष धुळ्याकडे आहे. तिथल्या समर्थ वाग्देवता मंदिरात आणि राजवाडे संशोधन मंडळात जुन्या हस्तलिखितांचे मोठे संग्रह आहेत. जुनी पोथी हातात घेतली की मजकुराच्या दोन्ही कडांना तांबड्या शाईच्या उभ्या रेघा दिसतात. म्हणजे देवाधर्माचा मजकूरसुद्धा आपल्याकडे बॉर्डरीशिवाय बाहेर पडत नसे. पुढे राजा रविवर्म्याच्या छापखान्यातल्या लक्ष्मी-सरस्वती घरोघर आल्या तेव्हा बायकांनी त्या चित्रांवर जर, टिकल्या आणि कापडाचे तुकडे चिकटवून देवींना आणखी सजवलं. रविवर्म्याने काढलेली लक्ष्मीही जिथे पुरेशी सजलेली वाटली नाही, तिथे आमच्या आप्पांची काय कथा?

याला अपवाद एकच आठवतो, आणि तोही खानदेशातलाच. चाळीसगावचे केकी मूस. 1912 चा जन्म, 1989 मध्ये गेले. रेल्वे स्टेशनजवळच्या आपल्या बंगल्यात हा पारशी कलावंत पाच दशकांच्या आसपास जवळपास कोंडून घेतल्यासारखा राहिला. पंजाब मेलने येणाऱ्या कुणाची तरी वाट ते रोज पाहत, ही गोष्ट चाळीसगावात अजून सांगतात. त्यांची खासियत टेबलटॉप फोटोग्राफी. घरातल्या साध्यासुध्या वस्तू टेबलावर मांडायच्या, दिव्यांचा खेळ करायचा आणि फोटोत अख्खा देखावा उभा करायचा. म्हणजे जे काही सजवायचं ते कॅमेऱ्यासमोर, फोटो निघण्याआधी. नंतर कडेला फुलं चिकटवायची गरज त्यांना पडली नाही. पण त्यासाठी माणसाला घर न सोडता बसावं लागतं. आमचा ऑपरेटर दिवसाला पंधरा बॅनर करतो, त्याला ते परवडायचं नाही.

बॉर्डरीची खरी दिवाळी पाहायची तर करिझ्मा अल्बम उघडावा. 12 बाय 36 इंचांचं एकेक पान, उलटायला दोन माणसं लागतात. पारोळ्याला मे महिन्यात 44 अंशांत लागलेलं लग्न अल्बमात बर्फात लागलेलं असतं. मागे आयफेल टॉवर, पुढे ट्युलिपचे ताटवे, मधल्या बदामाच्या आकारात घामाने डबडबलेला नवरदेव. नवरी तीन मापांत तीन ठिकाणी, त्यातली सगळ्यात मोठी अर्धी पारदर्शक आणि आभाळात. तिच्या पायाशी वरमाय मांडवातल्या पंख्याकडे पाहत बसलेली. अल्बम दाखवणाऱ्याच्या चेहऱ्यावर मात्र जरासुद्धा शंका नसते. "हे पान भारी झालंय," असं म्हणून तो पुढचं पान उलटतो. पाहुण्यांना पहिल्या पानावर चहा मिळतो आणि शेवटच्या पानावर चप्पल.

आता मोबाइलने या सगळ्याला नवं वळण लावलं आहे. आडवा फोटो स्टेटसला टाकला की वर-खाली रिकामी जागा राहते. काही अ‍ॅप तिथे त्याच फोटोचा धूसर तुकडा आपण होऊन पसरवतात, म्हणजे आप्पांना बॉर्डर आप्पांचीच. डीपीची गंमत तर विचारू नका. दुकानात बसून चारी कोपऱ्यांत मोर घालून घ्यायचे आणि व्हॉट्सअ‍ॅपने तो फोटो गोल कापायचा. चारही मोर उडाले. मग तोच माणूस दुसऱ्या दिवशी पुन्हा दुकानात, मोर थोडे आत घ्या म्हणून. मोर आत घेता घेता ते आप्पांच्या कानाला लागतात.

आणि तरीही मी बॉर्डरीच्या बाजूचाच आहे. बॉर्डर नसलेला फोटो पाहिला की त्या माणसासाठी कुणी दुकानात जाऊन मानेमागे उभं राहिलं नाही, एवढंच मला दिसतं. कुणी पाच जण जमले, पंधरा मिनिटं भांडले, कणसं की कमळं यावर वाद घातला आणि पदरचे पैसे मोजले, तेव्हा कुठे ती सोनेरी रेघ उमटते. ती भडक असेल, पण फुकटची नाही.

एवढं मात्र कराल तर ऑपरेटरवर उपकार होतील. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवणार असाल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर तो दाबला जाऊन दहा फुटांच्या फ्लेक्सवर चेहऱ्याचे नुसते ठिपके उरतात. स्क्रीनशॉट तर पाठवूच नका, त्यात बॅटरीची टक्केवारी येते. आणि लग्नात ग्रुप फोटोची वेळ आली की फोटोग्राफर काहीही म्हणो, कडेला कुणा परक्याला उभं करा आणि मामांना मध्ये घ्या.